अनुसरण आणि संहिता: समाजमाध्यमांवरील मराठी कवितेची खाती
(विशेष संदर्भ: बहिणाबाई चौधरी यांची कविता)

प्रस्तावना

मराठी समीक्षेने आजवर प्रामुख्याने ग्रंथाचा विचार केला. ग्रंथावर कवीचे नाव असते, प्रकाशकाचे नाव असते, आवृत्तीचे वर्ष असते. या गोष्टी इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की समीक्षक त्या गृहीत धरूनच कवितेकडे वळतो. गेल्या काही वर्षांत मात्र कवितेचा वाचकापर्यंत येण्याचा मार्ग बदलला आहे. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहिणाबाईंची कविता प्रथम पाठ्यपुस्तकात वाचतो हे खरे. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आणि पुढे आयुष्यभर ती त्याला भेटते ती इन्स्टाग्रामच्या एखाद्या रीलमध्ये, फेसबुकच्या एखाद्या पानावर किंवा व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक समूहात. म्हणजे त्याचा काव्यानुभव ग्रंथाच्या निवडीपेक्षा खात्याच्या निवडीवर अधिक अवलंबून राहू लागला आहे.

मग कोणते खाते अनुसरावे? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः अभिरुचीच्या भाषेत दिले जाते. आवडले ते अनुसरावे, कंटाळा आला की सोडावे, असा त्याचा आशय असतो. वरवर पाहता यात गैर काही नाही. परंतु साहित्याच्या अध्यापकाला हे उत्तर पुरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साहित्यविषयक खात्याची निवड हा मूलतः संहिताचिकित्सेचा प्रश्न आहे. समोर आलेला मजकूर कोणाचा, तो कोठून घेतला, त्यात काय बदलले आणि चूक दाखवली असता खातेधारक काय करतो, या चार गोष्टींवर खात्याची योग्यता ठरते. बहिणाबाईंच्या कवितेचे उदाहरण घेऊन ही भूमिका तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

‘अनुसरण’ या शब्दाविषयी

इंग्रजी ‘फॉलो’साठी मराठीत ‘अनुसरण’ हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. बोलताना आपण सर्रास ‘फॉलो करतो’ म्हणतो. लिहिताना मात्र ‘अनुसरण’, ‘अनुयायी’ असे शब्द येतात. या शब्दाला मराठीत एक जुनी आणि वजनदार अर्थच्छटा आहे, तिचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. महानुभाव पंथात ‘अनुसरणे’ म्हणजे घरदार सोडून पंथाची दीक्षा घेणे. अमुक व्यक्ती ‘अनुसरली’ असे म्हटले की तिचे पूर्वीचे आयुष्य संपले आणि नवे सुरू झाले, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या रावेर-यावल परिसरात महानुभाव पंथाचा वावर जुना आहे, त्यामुळे हा अर्थ येथील वृद्धांना समजावून सांगावा लागत नाही. आंगठ्याच्या एका स्पर्शाने केलेल्या कृतीला तोच शब्द लावताना त्यांना गंमत वाटते, आणि ती गंमत अगदीच निराधार नाही.

या पंथाचा येथे उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या व्यक्तींना गाठून, त्यांनी पाहिलेले-ऐकलेले विचारून लीळा संकलित केल्या. पुढे मूळ प्रत हरवल्यानंतर आठवणीतून ज्या प्रती सिद्ध झाल्या, त्यांतील पाठ त्या त्या व्यक्तीच्या नावाने ओळखले गेले. कोणाला कसे स्मरते यातील भेदही नोंदवून ठेवले गेले. श्रद्धा पराकोटीची होती, तरीही ‘हे कोणी सांगितले’ हा प्रश्न त्या परंपरेने कधी सोडला नाही. किंबहुना श्रद्धा पराकोटीची होती म्हणूनच सोडला नाही, असे म्हणता येईल. मराठी गद्याच्या प्रारंभकाळीच ज्या भाषेत अनुसरण आणि मूळ-शोध यांची अशी सांगड घातली गेली, त्या भाषेत आज ‘साभार: फेसबुक’ एवढ्यावर भागते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

बहिणाबाईंच्या संहितेचा प्रवास

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदा येथे झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत आणि ती गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त पीतांबर चौधरी यांनी लिहून ठेवली. लिहिली गेली नाहीत ती बहिणाबाईंबरोबरच गेली. त्यांच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ही वही आचार्य अत्रे यांना दाखवली, अत्रे यांनी ती प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. ही हकिकत सर्वपरिचित आहे. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. अत्रे यांनी येथे केलेले काम आजच्या भाषेत सांगायचे तर ‘शेअर’ करण्याचेच होते. त्यांच्याकडे प्रचंड वाचकवर्ग होता आणि त्यांनी एका अपरिचित स्त्रीची रचना त्या वाचकवर्गापुढे ठेवली. परंतु तसे करताना त्यांनी स्वतःच्या नावाने प्रस्तावना लिहिली. ही रचना कोणाची, ती कोणी लिहून घेतली, आपल्यापर्यंत कशी आली, हे सांगितले. त्यात चूक निघाली असती तर ती अत्रे यांच्या नावावर जमा झाली असती. अत्रे यांच्या शैलीतील अतिशयोक्तीवर कोणी कितीही टीका करो, जबाबदारीच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतलेला नाही.

छापील संहिताही निर्मळ नाही, हे येथेच मान्य केले पाहिजे. सोपानदेव स्वतः कवी होते. लिहून घेणाऱ्याचा हात संहितेत किती उतरला आहे, बोलीतील कोणती रूपे लिहिताना सौम्य झाली, याचा शोध अभ्यासकांनी घ्यायलाच हवा. म्हणून १९५२ ची संहिता म्हणजे प्रत्यक्ष बहिणाबाईंचा आवाज, असा दावा येथे नाही. दावा एवढाच आहे की त्या संहितेचा पत्ता माहीत आहे. तिच्यावर शंका घेता येते ती या पत्त्यामुळेच.

यानंतरची माध्यमेही पत्ता सांगणारीच होती. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी गेली. आकाशवाणीवर गाणे लागण्यापूर्वी वा नंतर कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची प्रथा होती. जळगाव केंद्र ऐकत केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या ज्या शेतकऱ्याने कधी कवितेचे पुस्तक उघडले नाही, त्यालाही गाणे कोणाचे हे ठाऊक असे. निवेदकाचे ते एक वाक्य म्हणजे संहिताचिकित्सेचा सर्वांत छोटा आणि सर्वांत व्यापक वर्ग होता. रीलमध्ये हेच वाक्य गळून पडते.

आणखी एक बाब कायद्याची आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर भारतीय कायद्यानुसार प्रकाशनापासून ६० वर्षे हक्क राहतो. त्यामुळे १९५२ च्या संग्रहातील कविता २०१३ पासून सर्वांसाठी खुल्या झाल्या. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण कविता खुली झाली तो काळ स्मार्टफोन खेड्यापर्यंत पोहोचण्याचाही काळ होता. ‘आमच्या पुस्तकातील ओळ तुम्ही बदलली’ असे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार ज्या काळात प्रकाशकाकडे उरला नाही, त्याच काळात ओळ बदलणे सर्वांत सोपे झाले. या योगायोगाचे परिणाम पुढे दिसतात.

खात्यांवरील बहिणाबाई

फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूबवरील मराठी कविताविषयक खाती पाहता बहिणाबाईंच्या संहितेत होणारे बदल साधारणपणे काही ठरावीक वाटांनी होताना दिसतात. येथे कोणत्याही खात्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही; वाचकाला स्वतः पाहता येईल.

सर्वांत ढोबळ चूक नामसाम्याची आहे. सतराव्या शतकात होऊन गेलेल्या, तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि असोद्याच्या बहिणाबाई यांची सरमिसळ होते. एकीचा अभंग आणि दुसरीचे छायाचित्र असा प्रकार आढळतो. ही चूक ओळखणे सोपे आहे, म्हणून तिच्यावर अधिक थांबण्याची गरज नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आणि आम्हा खान्देशवासीयांना अधिक टोचणारी आहे. बहिणाबाईंची भाषा ‘अहिराणी’ असल्याचे अनेक खाती ठामपणे सांगतात. अलीकडे अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर मोठी लोकप्रियता लाभली आहे आणि त्याचा आनंदच आहे. परंतु त्यामुळे खान्देश म्हणजे अहिराणी असे समीकरण बाहेरच्या श्रोत्याच्या मनात पक्के झाले आहे. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली आहे. सावदा परिसरातील लेवा कुटुंबांत ती आजही बोलली जाते. दोन्ही बोलींत काही लकबी समान आहेत, ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे ही त्यांपैकी एक. पण फरक ओळखण्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. अहिराणीत ‘माझा’, ‘तुझा’ याला ‘मना’, ‘तुना’ म्हणतात, ‘आहे’च्या जागी ‘शे’ येते, षष्ठीचा प्रत्यय ‘ना-नी’ या वळणाचा असतो. ‘गावचा’ ऐवजी ‘गावना’. बहिणाबाईंच्या संग्रहाची दोन पाने उलटली तरी षष्ठी ‘चा-ची’ या वळणाची असल्याचे दिसते. एवढी तपासणी न करता जे खाते बोलीचे नाव ठोकून देते, त्याने संग्रह उघडलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

तिसरा बदल ‘सुधारणे’चा आहे आणि तो सर्वांत हानिकारक आहे, कारण तो सद्हेतूने होतो. बोलीतील रूप ही टंकलेखनाची चूक समजून खातेधारक ते प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करतो. ‘डोये’चे ‘डोळे’ होतात, ‘मानूस’चा ‘माणूस’ होतो, ‘करीसन’चे ‘करून’ होते. यात काय बिघडते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. बिघडते ते असे. बहिणाबाईंच्या पुष्कळ रचना आठ अक्षरांच्या चरणांत बांधलेल्या आहेत. ‘करीसन’मध्ये चार अक्षरे आहेत, ‘करून’मध्ये तीन, म्हणजे एका शब्दाच्या दुरुस्तीने चरण लंगडा होतो आणि मग तो सावरण्यासाठी कोणी तरी ‘की’, ‘रे’, ‘हो’ असे एखादे अक्षर पदरचे घालतो. यमकाचेही तसेच. ‘आभाय’ आणि ‘माय’ यांचे यमक जुळते. ‘आभाळ’ आणि ‘माय’ यांचे जुळत नाही. (हे उदाहरण समजण्यापुरते दिले आहे.) यमक तुटलेले पाहून पुढचा खातेधारक दुसरी ओळ बदलतो. अशा रीतीने तीन-चार हातांतून गेलेली रचना अर्थाने ओळखीची वाटते, पण तिच्यातून जात्याची लय गेलेली असते. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण अक्षरे मोजण्यात त्यांचा कान चुकत नव्हता. शिकलेल्या माणसाने त्यांना शुद्धलेखन शिकवावे, हा विनोद त्यांनी स्वतःच उत्तम रंगवला असता. छापखान्यावर त्यांनी रचलेले गाणे ज्यांनी वाचले आहे, त्यांना छापील शब्दाच्या शहाणपणाकडे पाहणारी त्यांची मिश्किल नजर ठाऊक आहेच.

चौथा प्रकार संपूर्णपणे परक्या रचना त्यांच्या नावावर खपवण्याचा. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांच्या नावावर फिरणाऱ्या मजकुराचा अनुभव सर्वांना आहे. बहिणाबाईंच्या नावावरही नात्यांविषयीचे, स्त्रीच्या सहनशीलतेविषयीचे उपदेशपर पद्य फिरते. ते ओळखण्यासाठी बाह्य पुरावा नेहमी हाताशी असतोच असे नाही, मात्र अंतर्गत पुरावा पुरेसा बोलका असतो. बहिणाबाईंचा विचार वस्तूतून निघतो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी ही शेतीकामांची साखळी, चूल, तवा, मोट, सुगरण पक्ष्याचा खोपा, अशा हाताशी असलेल्या गोष्टींपाशी त्या थांबतात आणि तेथूनच मनाविषयी, मरणाविषयी बोलतात. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या पद्यात आधी उपदेश येतो आणि वस्तू आलीच तर सजावट म्हणून येते. शिवाय त्यात ‘आयुष्य’, ‘भावना’, ‘विश्वास’ अशी अमूर्त नामे दाटीवाटीने बसलेली असतात. ज्या स्त्रीने संसाराचे तत्त्वज्ञान स्वयंपाकघरातील चटक्यातून सांगितले, ती ‘भावनांचा आदर करा’ असे म्हणेल हे संभवत नाही. आणखी एक लक्षण असे की बनावट पद्यात बोली वरून शिंपडलेली असते. दर ओळीला एखादा ‘मानूस’, एखादे ‘नाई’, आणि उर्वरित वाक्यरचना पुण्याच्या वर्तमानपत्रातील.

या ठिकाणी एक सामाजिक मुद्दाही आहे. खोटी रचना सहसा बहिणाबाईंना अधिक गोड, अधिक सोशिक करून टाकते. मूळ कवितेत विधवेचे दुःख आहे, तसाच ज्योतिष्याला परत पाठवणारा ताठा आहे. माणसाच्या लोभावर केलेला कडक प्रहार आहे. ‘आई’च्या चित्राखाली छापण्यास सोयीची असलेली बहिणाबाई ही या ताठ्याची वजाबाकी करून तयार झालेली असते. म्हणून खोट्या नावाने फिरणारे पद्य हा निरुपद्रवी घोटाळा नाही. एका कष्टकरी स्त्रीचे मत तिच्या मागे बदलले जाते आणि तिची सही मात्र तीच राहते.

संख्या, खूण आणि क्रम

खाते निवडताना सामान्य वाचक ज्या बाह्य चिन्हांवर विसंबतो त्यांविषयी थोडक्यात. अनुयायांची संख्या हे चिन्ह लोकप्रियतेचे आहे, त्याहून अधिक त्यातून काही निष्पन्न होत नाही. निळ्या खुणेविषयी मात्र गैरसमज टिकून आहे. ट्विटरने २००९ मध्ये ही खूण सुरू केली तेव्हा ती ‘ही व्यक्ती तीच आहे’ एवढे सांगत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मालकी बदलल्यावर ती शुल्क भरणाऱ्याला मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढून घेण्यात आल्या. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीनेही २०२३ मध्ये भारतात सशुल्क खूण आणली. अगदी पहिल्या काळातही ही खूण व्यक्तीची ओळख पटवत होती, मजकुराची नव्हे.

तिसरी गोष्ट क्रमाची. इन्स्टाग्रामने २०१६ पासून मजकूर वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर जुलैमध्ये भारतात रील्स आल्या आणि न अनुसरलेल्या खात्यांचा मजकूरही पुढे येऊ लागला. म्हणजे आपण अनुसरलेले दिसेलच असे नाही आणि दिसते ते आपण अनुसरलेले असेलच असेही नाही. मग निवडीला अर्थ काय, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकाच्या मते निवडीचे महत्त्व यामुळे वाढते. वाहत्या मजकुरात कोणते पान आपण होऊन, नाव टाइप करून उघडायचे, हे ठरवणे आता वाचकाच्या हाती उरलेले एकमेव स्वातंत्र्य आहे.

मौखिक परंपरेचा आक्षेप

वरील भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. ओवीला कर्ता नसतो. जात्यावर बसलेल्या बाईने सासरी ऐकलेली ओवी माहेरी नेली, तिथे एक शब्द बदलला, आणि तेच लोकसाहित्याचे जगणे आहे. मग व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रचनेला संहितेचा दंडक लावणे म्हणजे लोकपरंपरेवर ग्रंथपरंपरा लादणे नव्हे काय? बहिणाबाई तर या परंपरेच्याच लेक होत्या.

या आक्षेपात तथ्य आहे. तथापि मौखिक परंपरेत मूळ अज्ञात असले तरी गाणारी समोर असते. ओवी कोणाकडून ऐकली हे ऐकणारीला माहीत असते, ‘ही माझ्या आत्याची’ असे ती सांगते, आणि बदल केला तर तो आपला म्हणून करते. कोणा प्रसिद्ध बाईच्या नावावर ती तो खपवत नाही. समाजमाध्यमांवरील रचनेत नेमके उलटे घडते. पाठवणारा दिसत नाही आणि प्रसिद्ध नाव मात्र दिसते.

मौखिक साहित्य आणि अचूक नोंद यांत विरोध नाही याचा उत्तम पुरावा आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केल्या आहेत. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. ज्या ओवीला कर्ता नाही तिलाही येथे पत्ता आहे. साहित्याच्या अध्यापकाने कोणते खाते अनुसरावे असे विचारले तर प्रस्तुत लेखक प्रथम हे नाव घेईल, आणि ते तेथील ओव्या सुंदर आहेत म्हणून नव्हे. काही ओव्या सामान्यही आहेत. सामान्य ओवीलाही तेथे गाणारीच्या नावाचा मान मिळतो, हे त्या खात्याचे मोठेपण आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली नोंदलेखकाचे नाव असते, हीदेखील त्याच जातीची सवय.

निनावी मजकुराची किंमत

हा सारा विचार साहित्यापुरता ठेवता आला असता तर बरे झाले असते. पण खान्देशात राहून तसे करता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील होते. मुले पळवल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली. ही खूण मजकूर फिरत आला आहे एवढेच सांगते. कोठून निघाला हे सांगत नाही.

एका खोट्या कवितेची आणि या घटनेची तुलना करणे अतिरेकी वाटेल. तुलना परिणामांची नाही. वाचण्याच्या सवयीची आहे. ‘हे कोणी सांगितले’ असे न विचारता पुढे पाठवण्याची सवय ज्या हाताला लागते, तो हात कविता आणि अफवा यांत भेद करील असे मानण्यास आधार नाही. आणि ही सवय मोडण्याचे काम कवितेच्या तासाला करता येते, कारण तेथे चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही.

अध्यापकाची निवड

हा प्रश्न प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात द्यावा, याबाबत आपण सर्वांनी हाच पेच अनुभवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून केअर यादी अमलात आणली, तेव्हा ‘यादीत आहे ना’ एवढा एकच प्रश्न आपण विचारत होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली आणि सूचक निकष देऊन निवडीची जबाबदारी संस्था व अध्यापक यांच्यावर सोपवण्यात आली. यादी गेल्यावर अनेकांना जी अस्वस्थता वाटली, ती यादीने आपल्याला किती निष्क्रिय केले होते याची खूण म्हणावी लागेल. समाजमाध्यमांवर तर अशी यादी कधीच नव्हती. तेथे विद्यार्थी आपल्याला विचारतो, ‘सर, कोणतं पेज चांगलं?’, आणि आपण बहुधा हसून विषय बदलतो.

उत्तर देण्याची एक पद्धत अशी. खात्यावरील आजची नोंद न पाहता सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदी पाहाव्यात. कवितेखाली संग्रहाचे नाव आहे का ते पाहावे. एखाद्या वाचकाने ‘ही ओळ अशी नाही’ असे लिहिले असेल तर त्यावर काय झाले ते पाहावे. दुरुस्ती झाली, आभार मानले गेले, की टिप्पणीच गायब झाली? या एका कसोटीवर लाखो अनुयायांची पाने गळतात आणि दोनशे-तीनशे अनुयायांची काही खाती टिकतात. आपल्या भागातील निवृत्त शिक्षक, कीर्तनकार, बोलीत लिहिणारे तरुण चालवत असलेली अशी छोटी खाती दिसायला अनाकर्षक असतात, अक्षरे कधी कधी चित्रावर नीट बसलेली नसतात. पण चूक दाखवली की ‘बरोबर आहे तुमचे, आमच्या घरी असे म्हणतात, पुस्तकात पाहून सांगतो’ असे उत्तर येते. अशा खात्याला अध्यापकाने अनुसरणे म्हणजे त्याला वाचक मिळवून देणे होय. उलट, मोठे पान सोडताना ते का सोडले हे चार ओळींत लिहिले, तर ती छोटीशी का होईना समीक्षाच ठरते. ज्या विद्यापीठाने २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण केले आहे, त्याच्या परिक्षेत्रातील मराठी विभागांकडून तेवढी अपेक्षा करणे फारसे अवाजवी नाही.

तृतीय वर्ष कला वर्गाच्या प्रकल्पवहीत यंदापासून प्रत्येक कवितेखाली एक रकाना ठेवला आहे: ‘कोठून घेतली’. त्याखाली दुसरा: ‘घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी कोणता शब्द वेगळा सांगितला’. वह्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पहिला रकाना बहुतेकांचा कोरा होता. दुसऱ्यात मात्र पुष्कळ मजकूर होता, आणि काही वह्यांत तो आजीनेच सांगून लिहवलेला होता, नाव आणि गावासह.